मूळ यादी आणि रेडिओतली नक्कल

हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना नव्याने मिळालेल्या माणसाच्या हातात आज बहुधा एखादा चिनी बनावटीचा हँडहेल्ड असतो. २०१२ च्या सुमारास आलेल्या बाओफेंग यूव्ही-५आरने हा छंद विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणला. या रेडिओत ० ते १२७ अशा १२८ जागा असतात. प्रत्येक जागेत ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, बोलण्याची फ्रिक्वेन्सी, टोन (आवाजाखाली जाणारा खुणेचा सूर) आणि पॉवर भरता येते. कीपॅडवरून हे सगळे भरणे किचकट असते, आणि चॅनेलला नाव द्यायचे असेल तर ते कीपॅडवरून देताच येत नाही. म्हणून केबल येते, संगणक येतो आणि बहुतेक वेळा ‘चर्प’ हे सॉफ्टवेअर येते. डॅन स्मिथ या अमेरिकी हॅमने सुरू केलेले हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर शेकडो मॉडेलांशी बोलू शकते. त्याने काम सोपे केले, पण त्यामुळेच एक घोळही घराघरांत शिरला. रेडिओतून उतरवलेली फाइल म्हणजेच आपली चॅनेलची यादी, असे लोक धरून चालतात. माझे म्हणणे असे, की यादी आणि रेडिओची मेमरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्या फायली वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, आणि मूळ म्हणून यादीच धरली पाहिजे.

फरक नीट कळण्यासाठी फाइलच्या आत डोकावावे लागते. यूव्ही-५आरमधून चर्पने उतरवलेली आयएमजी फाइल म्हणजे त्या रेडिओच्या मेमरी चिपची जशीच्या तशी प्रत. त्यात प्रत्येक चॅनेलला १६ बाइट मिळतात. पहिले चार बाइट ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीचे, पुढचे चार बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीचे. १४५.८०००० मेगाहर्ट्झ ही फ्रिक्वेन्सी तिथे ‘०० ०० ५८ १४’ अशी, बाइटांचा क्रम उलटा लावून बसलेली असते. ६७.० हर्ट्झचा टोन ६७० या आकड्याने लिहिलेला असतो. नावे तिथे नसतातच. ती पुढे वेगळ्या कप्प्यात असतात, प्रत्येकी सात रोमन अक्षरांपुरती. याच फाइलमध्ये स्क्वेल्च (रिकामी खरखर दाबणारी पातळी), स्क्रीनचा रंग, रेडिओ सुरू होताना दिसणारा मजकूर आणि कुठून कुठपर्यंत ट्रान्समिट करायचे याच्या मर्यादाही असतात. कुठल्या बाइटला काय अर्थ, हे फक्त त्याच्या जागेवरून ठरते. त्या बाइटांना आपण कोण आहोत हे सांगता येत नाही. फर्मवेअर बदलले आणि मांडणी चार बाइट पुढे सरकली, तर तोच आकडा टोन म्हणून वाचला जाऊ शकतो किंवा मर्यादा म्हणून.

दुसरी फाइल सीएसव्ही. तिच्यात साधा मजकूर असतो, एका ओळीत एक चॅनेल, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने: क्रमांक, नाव, फ्रिक्वेन्सी, डुप्लेक्स, ऑफसेट, टोन, मोड, पॉवर, शेरा. इथे प्रत्येक आकड्याचा अर्थ त्याच्या रकान्याच्या मथळ्यात लिहिलेला असतो. ही फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही मजकूर-संपादकात उघडते आणि दहा वर्षांनीही उघडेल. चर्प ती वाचून समोरच्या रेडिओच्या मांडणीत ओतते. म्हणजे यादी एकच राहते आणि तिच्यातून हव्या त्या रेडिओसाठी आयएमजी तयार करता येते. उलट दिशेने हे काम पूर्ण होत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे.

यादीत एका चॅनेलपुढे शेरा लिहिला: ‘टोन बदलला, दोघांनी तपासून पाहिले’. तारीखही घातली. ही ओळ रेडिओत गेली की शेरा गळून पडतो, कारण या रेडिओच्या १६ बाइटांत शेऱ्याला जागाच नाही. उद्या तोच रेडिओ दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतला तर आकडे मिळतात, पण ते कुठून आले आणि कधी तपासले याचा पत्ता लागत नाही. नावाचेही तेच होते. सातच्या पुढची अक्षरे कापली जातात आणि परत येत नाहीत. पॉवरचे टप्पे एका मॉडेलमध्ये दोन असतात, दुसऱ्यात तीन. मधला टप्पा दोनवाल्यात कुठे तरी ढकलला जातो. रेडिओकडे जाताना माहिती कमी कमी होत जाते. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार चढतो, नकलेवर चढवत नाहीत. इथेही बदल आधी यादीत व्हावा आणि मग तो रेडिओत जावा. रेडिओवर घाईत काही बदलावे लागले, तर घरी आल्यावर तो बदल हाताने यादीत लिहावा.

आता या यादीत काय येते ते पाहू, कारण घोळाचा मोठा भाग तिथे आहे. नवखा माणूस इंटरनेटवरून कुणाची तरी तयार फाइल उतरवतो, आणि ती बहुधा अमेरिकी असते. अमेरिकेत दोन मीटरचा हौशी पट्टा १४४ ते १४८ मेगाहर्ट्झ आहे, भारतात १४४ ते १४६. तिकडची सगळ्यांना ठाऊक असलेली कॉलिंग फ्रिक्वेन्सी १४६.५२० इथल्या हॅमच्या पट्ट्याबाहेर पडते. ७० सेंटिमीटरचे प्रकरण आणखी बोलके आहे. भारतात हा पट्टा ४३४ ते ४३८, म्हणजे अवघा ४ मेगाहर्ट्झ रुंद. अमेरिकी फायलींत या पट्ट्यातल्या रिपीटरचा, म्हणजे ऐकलेले पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राचा, ऑफसेट (ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतले अंतर) ५ मेगाहर्ट्झ असतो. चार मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच मेगाहर्ट्झचे अंतर बसू शकत नाही. ऐकण्याची फ्रिक्वेन्सी पट्ट्यात कुठेही असली, तरी बटण दाबताक्षणी बोलणे पट्ट्याबाहेरच जाणार. अशा फाइलमध्ये १६२ मेगाहर्ट्झच्या आसपासची अमेरिकी हवामान केंद्रे असतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. ४६२ मेगाहर्ट्झवरच्या तिकडच्या घरगुती वॉकी-टॉकीच्या वाहिन्याही असतात. त्या भारतात दुसऱ्या कुणाच्या असतात, आणि रेडिओ मात्र तिथे बिनतक्रार ट्रान्समिट करतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती परवाना आणि फ्रिक्वेन्सीची माहिती न देता होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी. पण परवाना खिशात असलेल्या माणसाच्या रेडिओतही परक्या देशाची फाइल असू शकते. तिच्यातल्या प्रत्येक ओळीची जबाबदारी कायद्याने त्याचीच.

यावर चर्पमध्ये एक उपाय आहे, आणि तो फार कमी लोक वापरतात. डुप्लेक्सच्या रकान्यात ‘ऑफ’ लिहिले, की त्या चॅनेलवर ट्रान्समिट बंद होते, फक्त ऐकता येते. जिथे बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही पण ऐकणे रास्त आहे, तिथे हा शब्द यादीत कायमचा असावा. पोलीस किंवा अग्निशमन दलाच्या वाहिन्या मात्र हॅमच्या यादीत नकोतच, ‘ऑफ’ लावूनही नकोत.

यावर पहिला आक्षेप छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातून हमखास येईल. मुंबई-पुण्याएवढे हॅम इथे नाहीत, १२८ पैकी दहा जागाही भरणार नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? दहाच जागा असल्या तरी त्या दहा नाशवंत आहेत, हे याचे पहिले उत्तर. रिपीटर बंद पडतो, टोन बदलतो, जागा बदलते. ओळी थोड्या असल्या की एक चुकीची ओळ जास्त महागात पडते. दुसरे म्हणजे, आसपास हॅम कमी असले तरी आकाश रिकामे नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, त्यामुळे ते मराठवाड्यावरून दररोज काही वेळा जाते. २०२० पासून त्याच्यावर हौशी रिपीटर आहे: वर बोलायचे १४५.९९० मेगाहर्ट्झवर, ६७.० हर्ट्झच्या टोनसह, आणि ऐकायचे ४३७.८०० वर. दोन्ही आकडे भारतीय पट्ट्यांत बसतात. इथे यादीचे कौशल्य खरोखर पणाला लागते.

स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. म्हणून जवळ येताना त्याचा सिग्नल ४३७.८०० च्या सुमारे १० किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि दूर जाताना तेवढाच खाली. साध्या हँडहेल्डवर हे सरकणे आपोआप सांभाळले जात नाही, म्हणून एकाच रिपीटरसाठी पाच ओळी कराव्या लागतात. ऐकण्याची फ्रिक्वेन्सी अनुक्रमे ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. पाचही ओळींत डुप्लेक्सच्या रकान्यात ‘स्प्लिट’, आणि ऑफसेटच्या रकान्यात फरक नव्हे तर बोलण्याची पूर्ण फ्रिक्वेन्सी, १४५.९९०. ‘स्प्लिट’ लिहिल्यावर ऑफसेटच्या रकान्याचा अर्थच बदलतो, हे लक्षात न आल्याने बरेच जण इथे अडतात. टोनचा रकानाही असाच फसवा आहे. टोन लावलेला नसला तरी टोनच्या फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात ८८.५ हा आकडा दिसतो. तो नुसता पूर्वनिर्धारित आकडा असतो, त्याला कुणी रिपीटरचा टोन समजू नये. ‘टोन’ म्हटले तर तो फक्त आपल्या बोलण्यावर चढतो. ‘टीएसक्यूएल’ म्हटले तर समोरून येणाऱ्या सिग्नलवरही तो असावा लागतो, नसेल तर स्थानक डोक्यावर असूनही रेडिओ गप्प. हे स्थानक एका फेरीत फार तर दहाएक मिनिटे दिसते. तेवढ्या वेळात कीपॅडवर आकडे कोण बडवणार? पाच ओळी आधीच क्रमाने लावलेल्या असल्या, तर चॅनेलच्या एका बटणाने काम भागते. शिवाय स्थानकावरचा रेडिओ कधी पॅकेटवर, म्हणजे डिजिटल संदेशांवर, कधी चित्रे पाठवण्यावर वळवलेला असतो. ही माहिती रेडिओत ठेवायला जागा नाही. ती यादीच्या शेऱ्यातच राहणार.

यादीची खरी परीक्षा मात्र संकटात होते, आणि मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा देशात मोबाइल सेवा सुरूही झालेली नव्हती. ती आली १९९५ मध्ये. त्या काळात निरोप पोचवायला हॅम मदतीला धावले होते. आज मोबाइल आहे, पण मनोऱ्याची वीज गेली की तोही नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीच्या विसर्गाने पैठणमध्ये पाणी शिरले. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातल्या कित्येक गावांचा संपर्क तुटला. अशा वेळी पैठणपासून खाली गोदाकाठाने मदतीला येणारे परवानाधारक वेगवेगळ्या जिल्ह्यांतून येतात, आणि प्रत्येकाचा रेडिओ वेगळा असतो. हाती धरलेल्या पाच वॉटच्या रेडिओने शहराच्या वस्तीत काही किलोमीटरच गाठता येतात. म्हणूनच म्हैसमाळसारखी हजार मीटरहून उंच जागा, जिथे दूरदर्शनचा मनोरा आहे, रेडिओवाल्याच्या डोळ्यांत भरते. पण उंचीने सगळे सुटत नाही. आधी सगळे एका चॅनेलवर यावे लागतात.

ते एका चॅनेलवर कसे येणार? ‘संभाजीनगरच्या चॅनेलवर या’ असा निरोप गेला असे समजा. रोमन लिपीत औरंगाबाद दहा अक्षरांचे, संभाजीनगर तेरा. सातात दोन्ही बसत नाहीत. २०२३ च्या नामांतरापूर्वी फाइल केलेल्याच्या पडद्यावर जुन्या नावाचा तुकडा, नंतर केलेल्याच्या पडद्यावर नव्या नावाचा, धाराशिव आणि अहिल्यानगरकडून येणाऱ्यांचीही तीच गत. फ्रिक्वेन्सी एकच असूनही चार माणसे चार नावे वाचतात. रेल्वेने औरंगाबाद स्थानकाचे नाव बदलले तेव्हा नवा संक्षिप्त कोडही त्याच वेळी ठरवून दिला. हॅमच्या चॅनेलला असा कोड देणारे कुणी नाही, तो आपसांत ठरवावा लागतो. अमेरिकेत अग्निशमन, पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्या सामाईक वाहिन्यांची नावे देशभर एकच करण्यात आली, आठ अक्षरांच्या आत. बाहेरगावाहून आलेला बंबही त्याच नावाची वाहिनी लावतो. इथे एवढ्या मोठ्या यंत्रणेची गरज नाही. पहिल्या दहा-वीस जागा सगळ्यांच्या यादीत सारख्या ठेवल्या आणि त्यांचे क्रमांक कधीच हलवले नाहीत, तरी पुष्कळ झाले. एखादे चॅनेल बाद झाले तर जागा रिकामी सोडावी, खालच्या ओळी वर सरकवू नयेत. नाव वाचण्यात चूक होईल, ‘सात नंबरवर या’ यात होणार नाही.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो. सगळ्यांनी एकच आयएमजी फाइल घेऊन आपापल्या रेडिओत टाकली तर प्रश्न मिटत नाही का? एकाच खेपेत आलेले, एकाच फर्मवेअरचे वीस रेडिओ एका महाविद्यालयाने घेतले असतील, तर तेवढ्यापुरते मिटतो, हे मान्य. पण बाओफेंगचे एकच यंत्र अनेक नावांनी विकले जाते, आणि एकाच नावाखाली वेगवेगळी फर्मवेअरही असतात. बाहेरून दोन्ही डबे सारखे दिसतात. दुसऱ्याची प्रतिमा, म्हणजे आयएमजी फाइल, आपल्या रेडिओत ओतली, की चॅनेलबरोबर त्याचे स्क्वेल्च आणि त्याच्या ट्रान्समिट मर्यादाही येतात. कधी रेडिओ सुरू होतो पण ऐकू नीट येत नाही, आणि दोष अँटेनाला दिला जातो. म्हणून प्रत्येक रेडिओतून आधी त्याची स्वतःची प्रतिमा उतरवून घ्यावी. ती न उघडता, न बदलता, रेडिओच्या अनुक्रमांकासह जपून ठेवावी, कारण बिघडल्यावर परत जायला तेवढीच एक वाट असते. मग तिची दुसरी प्रत उघडून तिच्यात यादी आयात करावी आणि रेडिओत चढवावी. रेडिओने प्रतिसादच दिला नाही, तर आधी केबलचा दोन पिनांचा प्लग शेवटपर्यंत आत गेला आहे का ते पाहावे आणि मग केबलमधल्या चिपच्या ड्रायव्हरकडे वळावे. स्वस्त केबलींत नकली प्रोलिफिक चिप असते, आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर तिला ओळखायला नकार देतो.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे: यादी एक्सेलमध्येच ठेवू, सगळ्यांना येते. ठेवायला हरकत नाही, पण एक्सेल न विचारता शहाणपणा करते हे ध्यानात असू द्यावे. मराठवाड्याच्या पहिल्या सामाईक चॅनेलला कुणी रोमन अक्षरांत ‘एमएआर-१’ असे सुटसुटीत नाव दिले, तर एक्सेल त्याची १ मार्च ही तारीख करून टाकेल. पुढच्या वेळी सीएसव्ही जतन केली की तेच रेडिओत जाईल. हा किरकोळ दोष नव्हे. याच सवयीमुळे मानवी जनुकांची काही नावे तारखा बनत राहिली, आणि शेवटी २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या समितीने ‘मार्च’ आणि ‘सेप्ट’ने सुरू होणारी नावेच बदलली. नावांचा रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवून घ्यावा, किंवा साध्या संपादकात काम करावे. साध्या मजकुराचा आणखी एक फायदा आहे. मार्चमधली यादी आणि जूनमधली यादी शेजारी ठेवल्या, तर नेमकी कोणती ओळ बदलली ते दिसते. आयएमजीच्या दोन फायली तशा वाचता येत नाहीत.

जुन्या पिढीतले अनुभवी हॅम चौथा आक्षेप घेतात, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. एके काळी प्रत्येक चॅनेलसाठी क्रिस्टलची जोडी बसवावी लागे, हॅम ती स्वतः बसवी, आणि आपला रेडिओ त्याला आतून-बाहेरून ठाऊक असे. केबल लावून शंभर चॅनेल भरणाऱ्याला मैदानात नवी फ्रिक्वेन्सी हाताने लावता येत नसेल, तर तो हॅम कसला? हे खरे आहे. पुरात लॅपटॉप नसतो, आणि रिपीटरची आवक-जावक दोन्ही एका चॅनेलवर हाताने साठवणे प्रत्येकाला यायलाच हवे. पण यादी नीट ठेवणे आणि हाताने रेडिओ लावता येणे ही परस्परविरोधी कामे नाहीत. उलट ज्याने सीएसव्हीच्या रकान्यांत ऑफसेट, स्प्लिट, टोन स्वतः समजून भरले आहेत, त्यालाच कीपॅडवरचा मेनू कळतो. क्रिस्टलवाल्या पिढीला आपल्या रेडिओत काय आहे ते तोंडपाठ असे. दुसऱ्याची आयएमजी ओतणाऱ्याला ते कधीच ठाऊक नसते. त्या पिढीची जाण टिकवायची असेल, तर ओळ-ओळ वाचता येणारी यादीच तिच्या जवळची आहे.

राहता राहिले सांभाळायचे कोणी. गटात एकाच माणसाने मूळ यादी सांभाळावी. बाकीच्यांनी बदल सुचवावेत, आणि त्याने स्वतः हवेत तपासल्याशिवाय एकही ओळ आत घेऊ नये. फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे फोल्डरमध्ये त्या आपोआप काळानुसार लागतात. यादीची एक छापील प्रत रेडिओच्या पिशवीत ठेवावी, क्रमांक, ऐकणे, बोलणे, टोन आणि तपासल्याची तारीख एवढ्या रकान्यांची. कुणाच्या रेडिओत कोणती आवृत्ती आहे हे सरावाच्या सकाळी लॅपटॉप न उघडता कळण्यासाठी शेवटची, म्हणजे १२७ क्रमांकाची जागा राखून ठेवावी. तिथे अंतराळ स्थानकाची १४५.८०० ही ऐकण्याची फ्रिक्वेन्सी भरावी, डुप्लेक्स ‘ऑफ’ करावे आणि नावाच्या जागी आवृत्तीची तारीख सहा आकड्यांत लिहावी. सात अक्षरांत ती बसते, आणि रेडिओ त्या चॅनेलवर नेला की पडद्यावर वाचता येते.